वीस फुटी पाइप वीस फुटांचा नसतो

तात्यांच्या शेतातली ती उघडी चारी अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. जेसीबी तासावर लावलेला. खालच्या विहिरीपासून वरच्या मळ्यापर्यंत चारी खोदून झालेली, पोरं पाइपाला सोल्युशन लावून एकात एक बसवत पुढं निघालेली, आणि मळ्याच्या बांधाच्या बावीसेक मीटर अलीकडं पाइप संपले. दिवस मावळायला आला होता. तात्या चारीच्या काठावर उकिडवे बसले आणि म्हणाले, "ताई, शंभर मोजून आणलेत. एकबी फुटला न्हाई."

माप माझं होतं. डिप्लोमा होऊन स्वतःची मोजणीची कामं घ्यायला लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं. ६१२ मीटर. दोनदा घेतलं होतं, एकदा टेपनं आणि एकदा यंत्रावर, आणि ते बरोबरच होतं. घोटाळा झाला तो त्यानंतरच्या दोन मिनिटांत. तात्यांनी विचारलं, "फुटात किती?" मी मोबाइलवर ३.२८ नं गुणलं, २००७ आलं. "दोन हजार धरा," असं सांगून मी मोकळी झाले. तात्यांनी दोन हजाराला विसानं भागलं. शंभर पाइप.

आता तो हिशेब उलगडून बघा. पहिले सात फूट मी तोंडानंच खाल्ले. दुसरी गोष्ट, दुकानात, शेतात, ट्रॅक्टरवाल्याच्या तोंडी ज्याला सगळे 'वीस फुटी पाइप' म्हणतात तो असतो ६ मीटरचा. म्हणजे १९ फूट आणि सव्वाआठ इंच. एका पाइपामागं पावणेचार इंच कमी. शंभर पाइपांमागं साडेएकतीस फूट. आणि तिसरी, एका पाइपाचं टोक दुसऱ्याच्या सॉकेटात शिरतं. आमच्या त्या पाइपांत ते साधारण चार इंच शिरत होतं. नव्व्याण्णव जोड, तेहतीस फूट गेले. सात, साडेएकतीस आणि तेहतीस. बेरीज साडेएकाहत्तर फूट, म्हणजे त्या संध्याकाळचे बावीस मीटर.

चार पाइप कमी पडले होते. दुकान तालुक्याला, तेही बंद झालेलं. रात्री पाऊस आला आणि चारीची एक बाजू ढासळली. दुसऱ्या दिवशीचं जेसीबीचं भाडं मी भरलं. तात्या नको म्हणत होते, पण मला ते भरल्याशिवाय चैन पडलं नसतं.

तेव्हापासून मी फूट दोन प्रकारचे मानते. एक मापाचा फूट, एक नावाचा फूट. मापाचा फूट म्हणजे ०.३०४८ मीटर, एक केस कमी नाही की जास्त नाही. नावाचा फूट म्हणजे जुन्या मापाची आठवण. वस्तू मीटरमध्ये आली, तिचं नाव मात्र फुटातच राहिलं. आमच्या भागात माणसं दिवसभर दोन्ही फूट एकाच वाक्यात वापरतात, आणि कोणता कुठला हे न ओळखता आकडेमोड केली की माल कमी पडतो नाहीतर भांडण होतं.

पाइपाचंच घ्या. 'तीन इंची' पाइप मागितला की ९० मिलिमीटरचा मिळतो, बाहेरून मोजला तर साडेतीन इंचांच्या वर भरतो. 'चार इंची' म्हणजे ११०, 'अडीच इंची' म्हणजे ७५, 'दोन इंची' म्हणजे ६३. ही नावं आहेत. यांना २५.४ नं गुणत बसायचं नसतं, यांची फक्त ओळख ठेवायची असते. बोअरचा फूट मात्र खरा फूट. दर फुटावर, केसिंगचा हिशेब फुटावर, आणि 'दोनशे फुटांवर पाणी लागलं' म्हणणारा माणूस दोनशे फूटच म्हणत असतो.

प्लॉटच्या बाबतीत तर लोकांचे पैसे गुंतलेले असतात. 'तीस-चाळीसचा प्लॉट' हे आपल्याकडचं रुळलेलं बोलणं. पण लेआउट मंजूर होतो मीटरमध्ये, आणि नकाशावर पुष्कळदा ९ बाय १२ मीटर लिहिलेलं असतं. ९ मीटर म्हणजे साडेएकोणतीस फूट, १२ मीटर म्हणजे ३९ फूट साडेचार इंच. क्षेत्र १०८ चौरस मीटर, म्हणजे ११६२ चौरस फूट. माणूस बाराशेचे पैसे मोजतो. साडेसदतीस चौरस फूट म्हणजे घरातलं एक न्हाणीघर! मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगते, भाव फुटावर ठरवा, पण आधी नकाशावरचा मीटर वाचा आणि स्वतः भागाकार करा.

भागाकार म्हणाले, कारण माझा तसा आग्रह आहे. बहुतेकजण मीटरला ३.२८ नं गुणतात. घरातल्या भिंतीपुरतं ते चालतं. पण हजार मीटरच्या लाइनीत त्यानं दहा इंच कमी येतात. १९५९ साली इंग्लंड, अमेरिका आणि आणखी चार देशांनी मिळून यार्ड, म्हणजे आपला वार, ०.९१४४ मीटरचा ठरवला. त्याचा तिसरा हिस्सा फूट, ०.३०४८, आणि फुटाचा बारावा हिस्सा इंच, २५.४ मिलिमीटर. हे आकडे पूर्ण आहेत, यांच्या पुढं दशांशाची शेपटी नाही. म्हणून मीटरला ०.३०४८ नं भागायचं. लक्षात ठेवायला एकच आकडा, आणि चूक शून्य.

त्यानंतर येतो दशांशाचा खड्डा. यात मी चांगली शिकली सवरलेली माणसं पडताना पाहिली आहेत. दाराची उंची २.१ मीटर. भागलं की ६.८९ फूट येतं. गवंडी ते 'सहा फूट नऊ इंच' असं वाचतो. नाही हो! ०.८९ फुटाला बारानं गुणायचं, मग येतात पावणेअकरा इंच. सहा फूट पावणेअकरा. दोन इंचांच्या फरकानं चौकट बसत नाही, मग लिंटेल तरी फोडायचा नाहीतर खाली भर तरी घालायची. यावर माझा साधा उपाय आहे. फुटांत जायचंच नाही, आधी सगळ्याचे इंच करायचे. २१०० भागिले २५.४, आले ८२.६८ इंच. त्यातून बारा-बाराचे सहा गठ्ठे काढले की बाकी उरते १०.६८. गठ्ठे फूट, बाकी इंच.

लांबच्या अंतराचं गणित मात्र मला कोणत्या कॉलेजात शिकवलं नाही. ते आजोबांनी शिकवलं. आजोबा रस्त्यावर मैलकुली होते. हा शब्द आता ऐकू येत नाही. प्रत्येक मैलाला एक माणूस. त्या मैलातले खड्डे, त्या मैलातली झाडं, साइडपट्टीचं गवत, मोरीत अडकलेला गाळ, सगळं त्याच्या अंगावर. घमेलं, फावडं, आणि दर फर्लांगाला एक छोटा दगड. मैलाला आठ फर्लांग. आजोबा अंतर फर्लांगातच बघायचे. "शाळा चार फर्लांग, चिंच सहा फर्लांग" असं. १९५६ चा मापांचा कायदा आला, पुढं हळूहळू मैलाचे दगड गेले आणि किलोमीटरचे आले. त्यांच्या डोक्यात मात्र फर्लांग पक्का होता, कारण तो त्यांनी पायांनी मोजला होता.

मी सातवीत असताना किलोमीटरचे मैल करायचं गणित अडलं. पुस्तकात १.६०९ होतं. आजोबा म्हणाले, "किलोमीटरला पाच फर्लांग, मैलाला आठ. झालं की." मी हिशेब करून बघितला. एक फर्लांग ६६० फूट, म्हणजे २०१.१६८ मीटर. पाच फर्लांग १००५.८४ मीटर. किलोमीटरपेक्षा फक्त पावणेसहा मीटर जास्त! पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर, हा जो आडाखा सगळे वापरतात, त्याच्या पोटात हा फर्लांग बसलेला आहे. किलोमीटरला पाचानं गुणा, आठानं भागा, मैल मिळतात.

इंदापूरहून पुणं धरा १४० किलोमीटर. सातशे फर्लांग, साडेसत्याऐंशी मैल. काटेकोर भागलं तर सत्याऐंशी. इतक्या अंतरात अर्धाच मैल इकडंतिकडं. बोलायला पुरतं, बिलाला नाही. बिलाला १.६०९३४४ नं भागायचं.

आणखी एक गोष्ट मला नोकरीधंद्यात आल्यावर कळली तेव्हा आजोबा नव्हते, नाहीतर त्यांना सांगितली असती. किलोमीटरच्या दोन दगडांच्या मधे रस्त्याकडेला २००, ४००, ६००, ८०० असे छोटे दगड लावतात. दर दोनशे मीटरला एक. म्हणजे फर्लांगाला एक मीटर कमी. आजोबांची माणसं पूर्वी जेवढ्या पावलांवर दगड बघत होती, जवळजवळ तेवढ्याच पावलांवर आजही दगड आहे.

आता जमिनीकडं येते. इथं फूट नावाचाही नाही आणि नुसता मापाचाही नाही, तो कागदात रुतलेला आहे. एडमंड गंटर नावाच्या इंग्रज गणितज्ञानं १६२० च्या सुमारास ६६ फुटांची साखळी काढली. ऐंशी साखळ्यांचा मैल, दहा साखळ्यांचा फर्लांग. एक फर्लांग लांब आणि एक साखळी रुंद पट्टी म्हणजे एक एकर. ६६० गुणिले ६६, ४३,५६० चौरस फूट. हा विचित्र दिसणारा आकडा कुठून आला याचं उत्तर एवढंच आहे. मुंबई इलाख्याच्या मोजणीत ती साखळी अर्धी झाली, ३३ फुटांची, आणि तिचे पाडले सोळा आणे. रुपयाचे तेव्हा सोळाच आणे होते, माणसांना सोळाचा हिशेब तोंडपाठ. ३३ बाय ३३ चा चौकोन म्हणजे गुंठा. आता तीच एकराची पट्टी आपल्या साखळीनं मोजा. लांबीला वीस साखळ्या, रुंदीला दोन. विसा दोन्ही चाळीस. चाळीस गुंठ्यांचा एकर. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वहीत ती पट्टी आखून, चाळीस चौकोन पाडून, एकेक मोजला होता.

या मोजणीशी माझ्या तालुक्याचं जवळचं नातं आहे. प्रिंगल या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याची सारा ठरवण्यासाठीची आधीची पाहणी फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३५-३६ मध्ये नवी पद्धत बसवायला सुरुवात केली ती इंदापुरातच. तिथून ती सगळ्या इलाख्यात गेली. जुन्या टिपणावर, म्हणजे त्या मोजणीच्या नोंदीच्या कागदावर, शेताच्या बाजू साखळी आणि आण्यांत लिहिलेल्या असतात. एक साखळी १०.०५८४ मीटर, एक आणा दोन फूट पाऊण इंच, म्हणजे सुमारे ६३ सेंटिमीटर.

दोन वर्षांपूर्वी दोन भावांचा बांधावरून वाद चालला होता. हद्द ठरवायचं काम सरकारी मोजणीचं, माझं नाही, हे मी त्यांना आधीच सांगितलं. त्यांना फक्त कागदावरचं समजून घ्यायचं होतं. थोरल्याचं म्हणणं, टिपणातले आकडे आणि जमीन जुळतच नाहीत. टिपणात एक बाजू ८ साखळ्या ११ आणे. मी यंत्रावर दोन जुन्या दगडांमधलं अंतर घेतलं. ८७.६ मीटर. तिथंच बांधावर बसून वहीत भागलं. ८७.६ भागिले १०.०५८४, आल्या ८.७०९ साखळ्या. दशांशाला सोळानं गुणलं, ११.३५ आणे. आठ साखळ्या, अकरा आणे, आणि वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त आणा. मी परत उलटा हिशेब केला. टिपणातल्या बाजूचे मीटर होतात ८७.३८. फरक वीतभर! कोणी कधी लोखंडी साखळी काट्याकुट्यांतून ओढत नेली असेल, तिचा आणि माझ्या उपग्रहावर चालणाऱ्या यंत्राचा फरक एका वितीचा. धाकटा भाऊ वही हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला.

मग त्यांचं खरं दुखणं बाहेर आलं. सातबारावर ४० आर लिहिलेलं, आणि आजवर घरात सगळे 'एक एकर' म्हणत आलेले. 'आर म्हणजेच गुंठा' असं गावात सर्रास बोलतात. आर म्हणजे १० मीटरचा चौकोन, गुंठा म्हणजे १०.०५८४ मीटरचा. बाजूला फक्त सहा सेंटिमीटर फरक, कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण लांबी आणि रुंदी दोन्हीकडून तो फरक येतो. आर १०७६ चौरस फुटांचा, गुंठा १०८९ चा. चाळिसावर पाचशे चार चौरस फूट कमी, जवळजवळ अर्धा गुंठा. तो अर्धा गुंठा दुसऱ्यानं दाबला असं दोघंही समजत होते. तो कुणी दाबलेला नव्हता, तो दोन मापांच्या मधे होता. वाद तिथंच मिटला असं मी म्हणणार नाही. त्यांची सरकारी मोजणी नंतर झाली. पण त्या दिवशी दोघं एकाच गाडीवरून घरी गेले.

म्हणूनच, कागदावर मीटर असेल तर फूट काढून देणं हे मला वरकड काम वाटत नाही. कुणी म्हणेल, आता सगळं मीटरमध्ये आहे, लोकांनी शिकावं. शिकतीलही. पण ज्याची जमीन आहे, ज्याचे पाइप आहेत, त्याला ते डोळ्यांसमोर दिसलं पाहिजे, आणि आमच्याकडं ते फुटात, गुंठ्यात दिसतं. माझ्या आईला साडेआठ मीटर म्हटलं तर काही दिसत नाही. तिची जुनी नऊवारी मी एकदा मोजली, तेवढी भरली. "म्हणजे नऊ वार आणि वर वीतभर," असं ती न मोजता म्हणाली. ८.५ भागिले ०.९१४४ केलं तर ९.३ वार येतात. वरचे तीन दशांश म्हणजे साडेदहा इंचांच्या जरा वर, तिची वीत आणि बोटभर.

आता माझी पद्धत ठरलेली आहे. मूळ माप मीटरमध्ये, सेंटिमीटरसकट, वहीच्या डाव्या पानावर. त्याला हात लावायचा नाही. उजव्या पानावर समोरच्याला हवं ते. प्रत्येक वेळी डाव्या पानावरूनच भागायचं. फुटांवरून गुंठे, गुंठ्यांवरून परत मीटर असं फिरायचं नाही. 'धरा' हा शब्द शेवटच्या ओळीआधी उच्चारायचा नाही. आणि पाइपांची संख्या फुटांवरून कधीच काढायची नाही. पाइपाची सॉकेट सोडून उरणारी लांबी टेपनं स्वतः मोजायची आणि मीटरला तिनंच भागायचं.

गेल्या उन्हाळ्यात तात्यांनी परत बोलावलं. आता त्यांचं वय ऐंशीच्या पुढं, काम नातवानं काढलेलं. उजनी धरणाच्या फुगवट्यावरून थेट घरामागच्या शेततळ्यापर्यंत लाइन. मी मापं घेतली, संध्याकाळी ओट्यावर बसून कागद लिहून दिला. १८४० मीटर. ६०३७ फूट. पाइप ५.९० नं भागून ३१२, आणि तुटीफुटीला सहा वेगळे. नातवानं पाइपांच्या आकड्याचा फोटो काढला आणि दुकानाला पाठवला. तात्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला, मग माझ्याकडं बघितलं. "फर्लांग किती गं?"

मी खाली लिहिलं, नऊ फर्लांग, वर सत्त्याण्णव फूट.

"म्हंजे मैलाच्या वर एक फर्लांग," तात्या म्हणाले. त्यांनी ओट्यावरूनच पाण्याच्या दिशेला हात केला आणि बोटानं हवेत वाट काढत नेली, ओढ्याची मोरी, मारुतीचं देऊळ, माळावरची बाभळ, तिथून उतार. प्रत्येक ठिकाणी बोट जरा थांबवलं. शेवटी नातवाला म्हणाले, "बाभळीपाशी एक व्हॉल्व टाकायला सांग. निम्म्यात हाय ती."

मी डाव्या पानावर बघितलं. बाभळ ९१० मीटरवर होती.